डाव्या पायडलाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुने पायडल आहे. डोंगरात चालवायच्या सायकलचे, डाव्या बाजूचे. तुम्ही खुर्ची, छत्री, घड्याळ अशा मंडळींची आत्मवृत्ते वाचली असतील. सगळी कशी सोशिक असतात! झिजली तरी हसतात, फेकली तरी आशीर्वाद देतात. मला ते जमत नाही. मी जळकुकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

माझा जन्म साच्यातला. वितळलेले काळे नायलॉन ओतले, गार झाले, आणि मी बाहेर पडलो. माझ्या पोटातून एक पोलादी दांडी घातली, दांडीभोवती बारीक छर्रे बसवले, वर ग्रीसचा लेप दिला. बुटाचा तळवा घसरू नये म्हणून माझ्या अंगावर नायलॉनचेच टोकदार दाणे होते. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ जन्मला, उजव्या बाजूचा. दिसायला आम्ही सारखेच, पण दांडीच्या टोकाला जे आटे असतात ना, त्यांत फरक. त्याचे आटे सरळ, जगातल्या साऱ्या स्क्रूंसारखे. माझे उलटे. पाय मारता मारता डावे पायडल आपोआप सैल होऊन गळून पडू नये, म्हणून ते मुद्दाम तसे करतात.

भावाचा हेवा मला पहिल्या दिवसापासून वाटला. सायकलवर बसणारा माणूस डावा पाय जमिनीवर ठेवतो आणि उजव्याने पहिला जोर देतो. म्हणजे मान त्याचा! मी आपला मागून येणाऱ्या पायाची वाट बघत बसायचो. मग मी मनाची समजूत घालायचो, की असू दे, आपले आटे उलटे आहेत, आपण काही सगळ्यांसारखे नाही.

आमची सायकल गेली एका सुताराच्या घरी. खाली त्याची कार्यशाळा, वर दोन खोल्या. त्याच्या मुलीसाठी ती सायकल होती. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून टिकत नसे. फक्त संध्याकाळी ती कार्यशाळेच्या पायरीवर बसायची, सायकल शेजारी टेकवायची आणि बाबांशी बोलता बोलता एका बोटाने मला गरगर फिरवायची. मलाच, बरं का! भाऊ पलीकडच्या बाजूला होता, त्याच्यापर्यंत तिचा हात पोचत नसे. तिच्या बोटाला लाकडाचा भुसा लागलेला असे. माझ्या उभ्या आयुष्यातले सर्वांत मोठे सुख ते.

चार वर्षे आम्ही डोंगर पालथा घातला. गावामागच्या खाणीच्या वाटेवरून वर चढायचे आणि झाडांच्या मुळांवरून, दगडांवरून, ओढ्यातून खाली सुटायचे. पहिल्यांदा पाय न टेकता ती माथ्यावर पोचली, तेव्हा घरी येऊन तिने आम्हा दोघांना जुन्या टूथब्रशने घासून धुतले होते. तो लाड तेवढाच. पुढे वेळ मिळाला नाही. माझे ग्रीस सुकले, छर्रे कोरडे पडले, मी कर्र कर्र करू लागलो. दगडावर आपटून माझी एक कड तुटली, दाणे झिजत झिजत सपाट झाले. घरातला पाट जसा वापरून गुळगुळीत होतो, तसे माझे अंग झाले. पण भिंगरी मला ओळखून होती. ओल्या जागी ती वेग कमी करायची, पाय जपून ठेवायची. आमचे चालले होते.

मग जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली. डोंगरउतारावरची शर्यत, रविवारी. पहिल्या सहा जणी संघात. भिंगरीने तीन महिने घाम गाळला होता. तिला दुसरे काही सुचत नव्हते.

बुधवारी बापलेक आम्हाला घेऊन सायकलच्या दुकानात गेले. दुकान एका काकूंचे. छताला चाके टांगलेली, भिंतीवर पाने ओळीने लावलेले आणि काकूंच्या कानामागे कायम एक पेन्सिल. काकूंनी मला अंगठ्याने चाचपले आणि तोंड वाकडे केले.

"अगं, हे पायडल आहे की साबणाची वडी? यावर तू ओढ्यातून उतरतेस?"

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबांनी एक जोडी उचलली. लाल रंगाची, चकचकीत. "ही बरी दिसते."

"दिसते, पण हिचे दाणे अंगातच ओतलेले आहेत. वर्षभरात झिजले की जोडी फेकायची. तिच्या जुन्याचीच बहीण ही, फक्त रंग लावून आलेली." काकूंनी कपाटातून दुसरी जोडी काढली. करडी, रुंद, भाकरीच्या तव्यासारखी मध्ये किंचित खोलगट आणि माझ्या निम्म्या जाडीची. "ही घे. बूट मध्ये बसतो, हलत नाही. दोन्ही अंगांना दहा दहा पोलादी खिळे, आणि प्रत्येक खिळा सुटा. दगडावर आपटून मोडला तर तेवढाच बदलायचा. आतले बेअरिंग बंदिस्त आहे, चिखल आत जात नाही. पातळ आहे म्हणून वाटेतल्या दगडांना कमी अडकेल. फक्त बूट मऊ तळव्याचा घाल, म्हणजे खिळे रुततील."

"पाय सुटला तर हे खिळे नडगीला लागतील की," बाबा म्हणाले.

"लागतील. पण पाय सुटेलच कशाला?"

मी मनात म्हटले, बघा, चावरी जात! मी चार वर्षांत कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. पण माझे कोण ऐकतो? भिंगरीने ते नवे पायडल हातात घेतले आणि, काय सांगू, एका बोटाने फिरवले. ते आवाज न करता फिरतच राहिले. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरे काय!

"ठेवून जा सायकल, अर्ध्या तासात बसवून देते," काकू म्हणाल्या.

"छे हो, त्यात काय? घरी बसवतो मी."

"बसवा, पण डाव्याचं जरा लक्षात ठेवा, ते..."

"अहो काकू, तीस वर्षं स्क्रू पिळतोय. मला नका शिकवू."

काकूंनी पेन्सिल कानामागून काढली आणि परत खोचली.

त्या संध्याकाळी कार्यशाळेत बाबांनी पाना घेतला. भाऊ दोन हिसक्यांत सुटला. त्याच्या जागी नवे उजवे पायडल बसले. मग माझी पाळी. बाबांनी मलाही त्याच हाताने, त्याच सवयीने फिरवले. तुम्हाला कळलेच असेल! माझे आटे उलटे. ते सोडवत होते असे त्यांना वाटत होते आणि प्रत्यक्षात मला आवळत होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी तेल सोडले, हातोडीने ठोकले, पान्याला लांब पाइप जोडून अंगाचा सारा भार टाकला. मी आणखी घट्ट. जाणार नाही म्हटले की जाणार नाही!

भिंगरीची आई जिन्यावरून बघत होती. "अहो, काकूंना विचारा की. विचारल्यानं काही नाक कापलं जात नाही."

"गंजलंय गं ते. विचारायचंय काय त्यात?" बाबा घाम पुसत म्हणाले. "दोन दिवसांनी बघू. एका पायाला तर चांगलं झालं."

"बाबा, उद्या शेवटचा सराव आहे," भिंगरी म्हणाली.

"मग कर की. इतकी वर्षं केलास ना यावरच?"

अशी ती सायकल डोंगरावर गेली. उजवीकडे नवे कोरे, डावीकडे मी. मी नव्याला सुनावले, "बघ, मला हलवायची कुणाची छाती झाली नाही. नव्याचे नऊ दिवस, बाळा." त्याच्यावर बूट असा चिकटून बसला होता की त्याला बोलायची गरजच नव्हती.

आणि इथेच घात झाला. उजवा पाय पक्का बसल्यावर भिंगरीला धीर आला. रोज ज्या वळणावर ती ब्रेक दाबायची, तिथे तिने सायकल सोडली. माझ्यासाठी जपायचे असते, हे ती त्या दिवशी विसरली. ओढा आला. पाणी उडाले, चिकणमाती बुटाला लागली. पलीकडच्या काठावर मुळांची पायरी आहे, तिथे सायकल उसळते. त्या क्षणी मी सगळा जीव एकवटून तिचा तळवा धरायला गेलो. धरायला माझ्याकडे होते काय? सपाट झालेले दाणे. पाय सटकला. मी गरकन फिरून तिच्या नडगीवर आदळलो, माझ्या तुटक्या कडेने कातडी फाटली आणि ती हातावर पडली. कुणाला ओरखडा न काढल्याची फुशारकी मी मारली होती ना!

ती बराच वेळ उठली नाही. मग डाव्या हाताने मनगट धरून उठली. रडली ती दुखण्यामुळे नाही. "रविवार गेला," एवढेच म्हणाली आणि एका हाताने सायकल ढकलत घरी आली.

मनगटाला प्लॅस्टर बसले. चाचणीला सहा मुली निवडल्या गेल्या, भिंगरी खिडकीत बसली होती. बाबा कार्यशाळेत रंधा हातात घेऊन नुसते उभे राहायचे. सोमवारी ते सायकल घेऊन काकूंकडे गेले.

काकूंनी लांब पाना लावला आणि तो सायकलच्या मागच्या बाजूला दाबला. एकदा जोर, कट्ट असा आवाज, आणि मी सैल. मग त्यांनी मला नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढले. मित्रांनो, एवढे सोपे होते ते.

"डावं उलटं असतं," काकू म्हणाल्या. "उजवं असो की डावं, सोडवताना पाना मागे, आवळताना पुढे. एवढंच सांगत होते त्या दिवशी."

बाबा स्टुलावर बसले. "तुम्ही सांगत होता. मीच तोंड बंद केलं तुमचं. पोरीचं वर्ष घालवलं मी."

काकूंनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. त्या बाबांना बोलल्या नाहीत, आणि मला तर कोणी काहीच बोलले नाही. पण मला माहीत होते. जिथे सुटायला हवे होते तिथे मी हट्टाने धरून बसलो, आणि जो पाय धरायचा तो माझ्याकडून सुटला. बाबांना माझे आटे ठाऊक नव्हते, ती त्यांची चूक. मला माझे दाणे ठाऊक होते. तरी मला वाटत होते की तिने मलाच ठेवावे. मला वाईट वाटले, फार वाईट वाटले. आणि त्याच वेळी माझ्या जागी नवे डावे बसताना बघून पोटात दुखलेही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटे नाही.

आठ दिवसांनी बाबा दुकानात पुन्हा आले. त्यांनी सागाची एक सुरेख फळी घडवून आणली होती. काकूंच्या भंगारातला क्रँकचा तुकडा, म्हणजे पायडल ज्या दांड्याला बसते तो, त्यांनी फळीवर पक्का केला आणि त्यात मला बसवले. खाली स्वतःच्या हाताने कोरले: 'डावे. मागे फिरवा, सुटेल.' ती फळी आता काकूंच्या गल्ल्याशेजारी आहे. गिऱ्हाईक नवी पायडले घेऊन निघाले की काकू म्हणतात, "आधी हे सोडवून दाखवा, मगच घरी बसवा." कधी बाबा तिथे असले तर दुसऱ्या बापांना ऐटीत समजावतात, जणू जन्मापासून त्यांना हे माहीत आहे. काकू तेव्हा छताकडे बघतात.

भावाचे काय झाले विचाराल. बाबांनी त्याला कार्यशाळेतल्या खणाची मूठ केले. दिवसातून दहादा सुताराचा हात लागतो त्याला. हो, जळतो मी. जित्याची खोड आहे ती.

मित्रांनो, एक मागणे आहे. आपल्या पायडलांवरून महिन्यातून एकदा अंगठा फिरवा. दाणे गुळगुळीत झाले असतील, आतून कर्र आवाज येत असेल, तर आमची कीव करून आम्हाला ठेवू नका. आम्ही स्वतःहून कधीच सांगणार नाही. घ्याल ती जोडी रंग बघून घेऊ नका, खिळे बघून घ्या. आणि कुणी 'डाव्याचं लक्षात ठेवा' म्हणाले, तर त्यांचे वाक्य पुरे होऊ द्या.

काल भिंगरी दुकानात आली होती. वर्ष उलटले आहे. उजव्या पायडलाचा एक खिळा दगडावर मोडला, तो बदलायला. नडगीवर माझ्या कडेची पांढरी खूण अजून आहे. या वर्षी ती तिसरी आली, संघात गेली, हे काकूंना सांगताना ती गल्ल्याला टेकून उभी होती. नव्या जोडीचे कौतुक चालले होते. मी ऐकत होतो आणि नेहमीप्रमाणे जळत होतो. बोलता बोलता तिचे बोट सवयीने माझ्याकडे आले. काकूंनी मला नवे ग्रीस भरले आहे, त्यामुळे मी आता कर्र करत नाही. तिने मला गरगर फिरवले. मग पाटी वाचून हसली, आणि चिमटीत दांडी धरून मागे फिरवली.

मी लगेच सुटलो.