सुझान्ना आणि तिचे दोन वैद्य

मी तसबीर बोलतेय. नापोलीच्या मासळीबाजारामागच्या चर्चमधली, डावीकडच्या भिंतीवरची. धुरानं काळवंडलेय, पण आंधळी झालेली नाही. तुम्ही मोठ्या श्रद्धेनं मेणबत्ती घेऊन आलात, दिसतंय मला. आधी माझं ऐका, मग खुशाल गुडघे टेका.

माझा जन्म रागातून झाला. कार्मोसिना नावाची एक पोर लोकांचे कपडे धुवून पोट भरायची. चर्चचा कारभारी प्रॉस्पेरो, पांढऱ्याशुभ्र दाढीचा, सदा जपमाळ ओढणारा. त्यानं वेदीवरची वस्त्रं धुवायला देतो म्हणून तिला बोलावलं आणि कोठीत गाठलं. ओरडलीस तर तूच गळ्यात पडलीस असं सांगेन, असा वर दम. तरी ती ओरडली आणि सुटली. पाद्रीबाबांकडे गेली, तर ते म्हणाले, पिकल्या दाढीवर आळ घेताना तुझी जीभ कशी झडली नाही?

मग ती चित्रकार तिबेरिओ मास्तरांकडे आली. त्यांचेही कपडे तीच धुवायची. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझं कुणी ऐकत नाही ना, पोरी? मग बघू दे त्यांना."

चर्चसाठी बायबलातला एक प्रसंग त्यांना काढायचाच होता. त्यांनी सुझान्नेचा निवडला. ती अंघोळ करतेय आणि दोन म्हातारे न्यायाधीश तिच्यावर टपलेत, आमचं ऐक नाहीतर तुला बदफैली ठरवू म्हणताहेत. सुझान्ना म्हणून कार्मोसिना बसली. एक हात म्हाताऱ्याला लोटणारा, तोंड ओरडताना उघडं. आणि पुढच्या म्हाताऱ्यासाठी प्रॉस्पेरो आपल्या पायांनी आला! आपल्याला बायबलातला पुण्यवान म्हातारा अब्राहाम करताहेत अशी त्याची समजूत. रोज दाढी विंचरून यायचा मेला.

पडदा निघाला त्या रविवारी मासळीवाल्यांनी पुढचा म्हातारा ओळखला आणि त्या शालीआड हसल्या. कार्मोसिना त्या दिवशी मान वर करून घरी गेली. तेवढंच तिचं सुख.

प्रॉस्पेरो भांडला नाही. तो कसला भांडतोय. हिवाळ्यात मास्तर तापानं गेले, तोवर तो थांबला. मग पाद्रीबाबांच्या कानाशी लागला, की देवाच्या घरात उघडी बाई शोभत नाही. लगेच एक रंगारी आला. उघडी चित्रं झाकणाऱ्या अशा माणसाला आमच्याकडे लोक चड्डीवाला म्हणतात. त्यानं सुझान्नेला गोधडी पांघरली, हौदाचा पलंग केला. म्हाताऱ्यांचे पुढे आलेले हात मात्र झाकता येईनात. मग एकाच्या हातात मलमाची डबी दिली, दुसऱ्याला तिची नाडी बघायला लावलं. डोक्यांमागे सोनेरी वलयं काढली. झाले संत कोस्मास आणि दामियान, फुकट औषध देणारे वैद्य! शेवटी त्यानं तिचे ओठ मिटवले. ते मी जन्मात विसरणार नाही.

मग काय विचारता. पाय दुखणाऱ्यांनी नवसाचे मेणाचे पाय टांगले, छाती दुखणाऱ्यांनी मेणाची काळजं. त्या नालायकाच्या पायांवर बायका ओठ टेकू लागल्या.

काही वर्षांनी कार्मोसिनाचं लेकरू तापानं फणफणलं. शेजारच्या पोर्झियामावशीनं तिला माझ्यापुढे ओढत आणलं, पोरासाठी तरी गुडघे टेक म्हणाली. कार्मोसिनानं माझ्याकडे बघितलं, लेकराला छातीशी घट्ट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"हे वैद्य नाहीत, मावशी. ती पलंगावरची मी आहे. आणि तो माझ्या अंगावर हात टाकतोय."

मावशीचे डोळे भरून आले.

"अगं बाई, तुला बरं केलं होय संतांनी? आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

बघता बघता बायका गोळा झाल्या, तिच्या शालीचे मुके घेऊ लागल्या. काठी टेकत प्रॉस्पेरो आला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चमत्कार झाला म्हणून घंटा वाजवायला सांगितलं. ती घंटेच्या आवाजावर आवाज चढवून ओरडत होती, नाही, नाही म्हणत होती. लोकांना वाटलं, आनंदानं रडतेय.

ती परत कधी आली नाही. माझ्याखाली मात्र संगमरवरावर तिचं नाव कोरलंय, संतांच्या कृपेनं बरी झालेली म्हणून.

तुम्हाला खरंच दया येत असेल तर ती मेणबत्ती विझवा. जवळ या आणि तिच्या ओठांवरचा रंग नखानं थोडा खरवडा. ती अजून ओरडतेय.