चालवणारी बदलली

गाडीला हाताने चालणारा ब्रेक आणि रेस बसवून झाली, तशी नीलम म्हणाली, "आता इन्शुरन्सवाल्यांना कळवायला हवं."

"कशाला उगाच चौकश्या मागे लावून घेतेस?" समाधान वैतागला. अपघातात बायकोचे दोन्ही पाय गेल्यापासून तिच्याबद्दल कुणी काही विचारलं की त्याचं डोकंच फिरायचं.

"गाडी बदलली, चालवणारी बदलली. त्यात लपवायचं काय?" म्हणत तिने फोन लावलासुद्धा.

रविवारी कंपनीचा सर्व्हेअर त्यांच्या गुरुग्रामच्या सोसायटीत आला. स्टिअरिंगजवळच्या नव्या दांड्याचे फोटो काढून त्याने समाधानला विचारलं, "गाड़ी तो आप ही चलाएँगे न?"

"मैं चलाऊँगी. बैठिए पीछे," नीलम म्हणाली आणि हातांवर भार देत व्हीलचेअरवरून सीटवर सरकली. समाधान शेजारी बसला.

बेसमेंटमधून वर येणारा चढ भलताच वळणाचा. समाधानने तिथे कितीदा तरी बंपर घासला होता. नीलमने दांडा अलगद ओढला आणि गाडी भिंतीला न शिवता चढू लागली. ऐन वळणावर समोरून दुसरी गाडी आली. तिने दांडा पुढे ढकलला. गाडी त्या चढावर तसूभरही मागे न सरकता थांबली, वाट मिळताच पुन्हा निघाली आणि बाहेर उन्हात येऊन उभी राहिली.

"मैडम का ही नाम लिखता हूँ," मागून सर्व्हेअर हलकेच म्हणाला.

समाधान तिच्या हातांकडे बघतच राहिला.

"समाधान," नीलम म्हणाली, "आता ब्रेक सोड."

त्याने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय अजून समोरची रिकामी मॅट दाबून धरून होते.