सूरबाबांची बोलकी पेटी

पेटीतून पहिला सूर निघाला आणि खचाखच भरलेला दिवाणखाना गहिवरला. चांगली शिकलीसवरली माणसं आ वासून बघत होती. भिंतीशी कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्यावर काळं कापड, आणि शेजारी सूरबाबा डोळे मिटून डुलत होते. डुलायला त्यांचं काय जात होतं?

"बोलले! वडील 'हो' म्हणाले! दुकान खुशाल विकून टाक!" बाबा गरजले.

मेलेल्या वडिलांना विचारायला आलेला दुकानदार रडत पाया पडला.

पद्धत ठरलेली होती. दारावर बाबांचा मेहुणा जुनं, जाड नाणं विकायचा. आलेल्याने ते बाबांच्या हातात देऊन आपल्या मेलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा. बाबा नाणं रुमालात चोळून 'जागं' करायचे आणि पेटीच्या फटीत टाकायचे. पेटी वाजली तर होकार, गप्प राहिली तर नकार. नकार फिरवायचा असेल तर बाबांकडून शांती करून घ्यायची. तिचा खर्च विचारायची सोय नव्हती.

मास्तरीणबाई मागे हाताची घडी घालून बसल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई इथे आल्या होत्या त्या फक्त थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी. ताईच्या मुलीचा कान आतून सडत चालला होता. ऑपरेशन केलं नाही तर पू मेंदूपर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशीची वेळही मिळाली होती. पण ताईचा एकच हेका होता, "ह्यांना विचारल्याशिवाय मी पोरीला सुरी लावू देणार नाही." आणि 'हे' तर वर्षापूर्वीच वारले होते.

ताईने नाणं देऊन ऑपरेशनचं विचारलं. बाबांनी ते चोळलं, कपाळाला लावलं, फटीत टाकलं. पेटी गप्प.

"नाही म्हणतो तुझा धनी! ऑपरेशन केलंस तर पोर हातची जाईल. आधी शांती कर."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात शेजारी बसलेली ताईची मुलगी मावशीच्या कानाशी लागली. तिला वाटलं आपण कुजबुजतोय. पण ऐकू कमी येणाऱ्या पोरीचं कुजबुजणं ते, सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"मावशी, त्यांनी नाणं बदललं. आईचं रुमालात ठेवलं आणि दुसरंच टाकलं."

बाकीचे सूर ऐकत होते. ही मात्र सवयीने माणसांचे ओठ आणि हात बघत बसली होती.

बाई उठल्या, मेहुण्याकडून एक नाणं घेतलं आणि थेट पेटीपाशी गेल्या.

"खबरदार! जागं न केलेलं नाणं आत्म्याला चालत नाही!"

"मग बसेल गप्प. भाऊजी, हे सूरबाबा लबाड आहेत का हो?"

नाणं खडखडत आत गेलं आणि पेटी झकास वाजायला लागली. कोणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी कापड ओढलं. आत काच होती आणि काचेमागे एक मोठी पत्र्याची तबकडी फिरत होती.

"बघा तुमचा आत्मा! नाणं आतल्या पट्टीवर पडतं, वजनाने पट्टी झुकते, ब्रेक सुटतो. मग किल्ली दिलेली स्प्रिंग तबकडी फिरवते. तबकडीच्या दात्यांनी ही छोटी चाकं फिरतात आणि पोलादी फणीचे दात छेडतात. सूर तिथून येतात. आमच्या पणजोबांच्या काळात लोक हॉटेलात नाणं टाकून अशी गाणी ऐकायचे." त्यांनी खालचा खण ओढला आणि दोन नाणी उचलली. "हे माझं. आणि हे बाबांनी ताईसाठी टाकलेलं, त्याच मापाचं, ॲल्युमिनियमचं. एवढ्याशा वजनाला पट्टी हलतच नाही, नाणं नुसतं घरंगळून खणात पडतं."

"यंत्र असलं तरी प्रेरणा आत्म्याची..." बाबा पुटपुटले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुकानदाराचं रडं थांबलं. दुकान स्वस्तात घ्यायला कोण टपलंय, ते त्याला आठवलं. दारावरचा मेहुणाच की!

"म्हणजे हे 'नाही' म्हणालेच नाहीत?" ताईने विचारलं.

"भाऊजी काहीच म्हणाले नाहीत, ताई. गेलेलं माणूस बोलत नाही, आपल्याला कितीही हवं असलं तरी." बाई म्हणाल्या. मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "दुखणं असेल तर डॉक्टरला विचारा, व्यवहार असेल तर जाणत्याला. पटलं नाही तर पुन्हा विचारा. जिवंत माणसाला उलटून प्रश्न तरी विचारता येतो! आणि ताई, कान जिचा आहे, तिला विचारलंस का कधी?"

ताईने पोरीचा चेहरा ओंजळीत धरला, ओठ दिसतील असा आपल्याकडे वळवला.

"करायचं ऑपरेशन?"

"केव्हाची हो म्हणतेय मी," पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "तुलाच ऐकू येत नाही!"