मागून येणारा आवाज

"रागावू नकोस जयदेव, पण मला एक सांग, मैदानावर तुला काम काय असतं?"

कॅन्टीनच्या चहात बिस्कीट बुडवत कर्णिक साहेबांनी विचारलं. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीचे ते पर्सोनेल मॅनेजर, आणि कंपनीच्या हॉकी टीमचेही मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी सांगायची वेळ आली की त्यांना बिस्किटं लागायची, एवढंच.

जयदेव त्या टीमचा गोलकीपर. सकाळी पॅकिंगमध्ये डब्यांना झाकणं ठोकायची आणि दुपारनंतर मैदानावर जायचं, असा त्याचा दिवस होता. नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची, तीही हॉकीच्या जोरावर. अंबरनाथच्या चाळीतली खोलीसुद्धा कंपनीचीच.

"शेठनी टीमच्या वर्षाच्या खर्चाचा आकडा बांधून दिलाय," कर्णिक म्हणाले. "त्याच्या वर जायचं नाही. त्यात सगळे खेळाडू बसवायचे. आता जालंधरचा सेंटर फॉरवर्ड मिळतोय आणि शेठना तो हवाच आहे. त्याला बसवायचा तर कुणाला तरी उठवावं लागणार. फॉरवर्डना हात लावला तर गोल कोण मारणार? राहिलास तू. शेठ म्हणतात, गोलमध्ये पॅकिंगचा एखादा उंच पोरगा उभा केला तरी चालेल."

"साहेब, या सीझनला सगळ्यात कमी गोल आपण खाल्लेत."

"अरे, तेच तर! तुझ्यापर्यंत बॉल येतच नाही. मग तू अडवतोस काय? शेठनी विचारलं तर मी काय सांगू?"

जयदेवला कारण माहीत होतं, पण ते सांगायचं कसं, हे कळत नव्हतं. गोलमधून सगळं मैदान समोर दिसतं. पुढच्यांना स्वतःच्या पाठीमागचं दिसत नाही. म्हणून तो पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत मागून ओरडत असे. सुद्या, डावीकडे हो. मागे माणूस आहे. थांब, आत्ता नको. आता जा. त्याच्या ओरडण्यावर बचाव हलायचा आणि समोरच्या टीमला फटका मारायला जागाच मिळायची नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, गोलकीपर नुसता बोंबलतोय.

"रविवारी फायनल आहे, शेठ येणारेत," कर्णिकांनी चहातलं बुडालेलं बिस्कीट चमच्यानं काढलं. "चार झेपा टाक. दिसू दे लोकांना. मग मी शब्द टाकतो तुझ्यासाठी."

घरी भावना जीन्सचे धागे कापत बसली होती. उल्हासनगरच्या कारखान्यातून गठ्ठा यायचा, ती घरीच करून द्यायची. नवऱ्याचं सगळं ऐकून घेताना तिची कात्री थांबली नाही.

"मग ओरडू नका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे गप्प उभे राहा. येऊ दे ना बॉल. तुम्ही ओरडून ओरडून दुसऱ्यांकडून कामं करून घेता, नाव त्यांचं होतं. सुदामभाऊंना मागच्या वर्षी पर्मनंट केलं. तुम्हाला केलं?"

"अगं, पण मॅच..."

"मॅच गेली खड्ड्यात! खोली गेली तर पोरीला घेऊन कुठं जायचं? आत्ताच शाळेत घातलीय तिला." आता कात्री थांबली. "आयुष्यात एकदा तरी स्वतःपुरतं खेळा."

जयदेवला तिचा राग आला आणि मग स्वतःचाच आला, कारण ती जे बोलली तेच कॅन्टीनपासून घरापर्यंत त्याच्या डोक्यात घोळत होतं. चौतिशी उलटली होती. गुडघे कुरकुरत होते. गोलकीपर सोडून आपण या जगात काहीच नाही, असं त्याला वाटलं.

रविवारी शेठ मांडवात पहिल्या रांगेत बसले. समोर ठाण्याच्या एका बँकेची टीम होती. शिटी वाजली आणि जयदेवनं दात आवळले.

सुदाम, म्हणजे त्यांचा फुलबॅक, सवयीनं कान मागे ठेवून खेळत होता. मागून काहीच येईना तेव्हा त्यानं वळून पाहिलं. "काय रे जयद्या, घसा बसला का?"

जयदेवनं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

थोड्याच वेळात बचावात भगदाडं पडली आणि फटके यायला लागले. एक त्यानं पायानं उडवला. दुसऱ्यासाठी मुरमात आडवी झेप टाकली, कोपर सोलवटलं. तिसरा पोस्टच्या कोपऱ्यात शिरता शिरता हातानं झटकला. मांडवात शेठ उभे राहून टाळ्या वाजवू लागले. जयदेवच्या छातीत गोड कळ उठली. टीममधल्या नऊ वर्षांत त्याच्यासाठी कुणी असं उठून उभं राहिलं नव्हतं. खोली वाचली, त्याला वाटलं.

मध्यंतराला कर्णिक धावत आले, त्यांनी त्याची पाठ थोपटली. "असंच! शेठ खूश आहेत एकदम."

पलीकडे सुदाम पाय पसरून बसला होता. मागून आलेल्या माणसाचा पत्ता न लागल्यानं त्यानं एक फटका सरळ नडगीवर खाल्ला होता. नडगी टरारून सुजली होती.

"मला मागचं काय दिसत नाय रे, जयद्या," तो बर्फ धरत म्हणाला. "तू बोलला नायस तर मी आंधळाच हाय. घसा खरंच दुखतोय का?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता, काळजी होती. जयदेवला तिथून उठून पळावंसं वाटलं.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच कंपनीच्या एका फॉरवर्डनं गोल मारला; त्यासाठी जालंधरचा पोरगा लागला नाही. लगेच बँकेला पेनल्टी कॉर्नर मिळाला. कॉर्नरला गोलरेषेवरून सगळ्यात आधी धावून फटक्यासमोर जायचं काम सुदामचं. सुजलेल्या पायानं तो रेषेवर वाकून उभा राहिला. जयदेवला समोरचं सगळं लख्ख दिसत होतं. फटका मारणारा त्यांचा धिप्पाड गडी खांद्यापर्यंत स्टिक उचलून तयार होता. सुदाम नेहमीसारखा सरळ धावणार. आणि या मुरमावर बॉल उसळला तर गुडघ्यावर बसेल की तोंडावर, याचा नेम नाही. आपण फक्त गप्प राहायचं. निसटून आला तर अडवायचा, शेठ पुन्हा उभे राहतील.

बॉल आत आला. सुदाम धावला.

"सुद्या, उजवीकडे! उजवी धर!"

आपणच ओरडलो, हे जयदेवला ओरडून झाल्यावर कळलं. सुदाम धावता धावता उजवीकडे झुकला. बॉल उसळून त्याच्या डाव्या कानाशेजारून सणसणत गेला आणि पोस्टबाहेर पडला.

मग जयदेवला थांबताच आलं नाही. तुंबलेला नळ सुटावा तसा तो ओरडत सुटला. डावीकडे. मागे बघ. सोडू नको त्याला. बचाव पुन्हा जागेवर आला, आणि उरलेल्या वेळात त्याच्याकडे एकही फटका आला नाही. शेवटची शिटी वाजली तेव्हा कप कंपनीचा झाला होता.

सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस सुदामला मिळालं. तो शेठना जयदेवकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता, पण शेठ हसत कर्णिकांकडे वळले. "कर्णिक साईं, पहले हाफ में गोलकीपर बढ़िया था. बाद में तो बस खड़ा था. वो जालंधरवाले को फोन लगाओ."

कर्णिकांनी जयदेवकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली. या वेळी हाताशी बिस्किटं नव्हती. "महिनाअखेरपर्यंत खोली ठेव," ते जवळ येऊन हळूच म्हणाले. "तेवढं मी बघतो."

जयदेव घरी आला तेव्हा भावना दारातच उभी होती. त्याचं सोललेलं कोपर पाहून तिचा चेहरा क्षणभर उजळला.

"झेपा टाकल्या ना? काय म्हणाले शेठ?"

त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती खरखर आली.

"ओरडलात," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. ती भांडेल, रडेल, निदान धाग्यांची टोपली तरी लाथाडेल, असं त्याला वाटलं. ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती गरम पाण्याचा पेला घेऊन आली, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

"गुळण्या करा," ती म्हणाली. "उद्या काम मागायला जायचं, तर तोंडातून शब्द नको का फुटायला?"

तो मोरीत जाऊन गुळण्या करू लागला. पेला रिकामा होईपर्यंत ती टॉवेल धरून त्याच्या मागे उभी होती.