सहाव्या उत्तराचं बटण

"एक, दोन, तीन, चार! अन् मनगट काय हवेत लटकवून ठेवू का मी? कोण्या शहाण्यानं ठेवलं बे हे असं?"

ही कुरकुर माझ्या कानाशीच चालली होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. आमचे हे कॉम्प्युटरला रागावत होते. समोर पडद्यावर खेळातली एक म्हातारी विहिरीजवळ उभी होती. तिनं काहीतरी विचारलं होतं आणि खाली आपली उत्तरं आली होती, एक ते चार. जे उत्तर द्यायचं त्याचा आकडा दाबायचा.

"दाबा ना मंग," मी म्हटलं.

"कसा दाबू? आकडे वरच्या ओळीत. दर उत्तराले हात मधल्या ओळीतून उचला, वर न्या, पुन्हा खाली आणा. माह्या पोरायनं असं केलं असतं तं पट्टी मारली असती."

गुलाब सर म्हणजे माझे यजमान. लोणारच्या बसस्टँडमागे आमचा 'प्रज्ञा टंकलेखन वर्ग' आहे. मशीनवर फडकं टाकायचं, फडक्याखाली हात घालायचे आणि न बघता मारायचं, ही त्यांची शिस्त. तालुक्यातल्या कचेरीत, कोर्टात, दवाखान्यात कोण ना कोण त्यांच्या हाताखालचा निघतोच. दुसरा नियम त्याहून कडक: एकाच्या मशीनला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. चुकलं तर तोंडानं सांगायचं, बोट घालायचं नाही.

कॉम्प्युटर आमच्या लेकीनं, रुख्मिणीनं आणला. ती औरंगाबादला नोकरीला आहे. तिच्या ऑफिसनं जुने काढून टाकले त्यातला एक तिनं घेतला आणि ते डबडं मांडीवर धरून एस.टी.नं आली. "बाबा, आता पोरांना हेच शिकवा," म्हणाली. त्यात कोणीतरी विसरून गेलेला हा खेळ होता. एक मुशाफिर गावोगाव हिंडतो, माणसं भेटतात, तो त्यांच्याशी बोलतो. मारामारी असते, पण ती आम्हा दोघांनाही जमली नाही. बोलणं मात्र आवडलं. एका प्रश्नाला चार-चार उत्तरं समोर मांडून मिळतात आणि विचार करायला वेळही मिळतो. एवढी सोय माझ्या सासरी मला कधी झाली नव्हती.

कामं आम्ही वाटून घेतली. ह्यांची इंग्रजी टायपिंगची गती नावाजलेली, पण मजकूर डोळ्यातून थेट बोटात जातो, मध्ये डोक्यात थांबत नाही, हे तेच सांगतात. इंग्रजी मी वाचते. शाळेत कोणी शिकवलं नाही. ह्यांची डिक्शनरी, औषधांचे खोके आणि क्लासच्या परीक्षेचे उतारे एवढ्यावर शिकले. म्हणून मी वाचायचं, आपल्या बोलीत सांगायचं, आणि ह्यांनी दाबायचं.

आता जे आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं ते इथंच सांगून टाकते. दिवाळीपासून ह्यांचा उजवा हात थरथरत होता.

आधी वाटलं, थंडी आहे. थंडी गेली, हात तसाच. बशीतून चहा पिणारा माणूस कपातून प्यायला लागला, तेही डाव्या हातानं. टपरीवाला काही न विचारता कप अर्धाच भरून द्यायचा. सकाळी मी म्हणायची, "उशीर होऊन राह्यला, आणा, मी लावते गुंड्या," आणि हे घड्याळाकडे बघत उभे राहायचे. क्लासमध्ये हातानं दाखवणं बंद झालं. "मी बोलतो, तुम्ही मारा," अशी नवी पद्धत निघाली. पद्धतीला सगळे हो म्हणाले.

रुख्मिणीनं तिकडे एका नसांच्या डॉक्टरला विचारून ठेवलं होतं. "आई, असा हात पुष्कळांचा होते म्हणतात. गोळ्यांनी आवरते, पण माणूस समोर बसला पायजे." हे ती मला फोनवर सांगायची आणि मी "हाव, हाव, भाजी बरी आहे" असं काहीतरी उत्तर द्यायची, कारण हे शेजारीच बसलेले असायचे.

तर बटणं. खेळात एका पडद्यावर ती बदलता येतात, हे मी वाचून काढलं. ह्यांना तर हुरूपच आला. कधी कधी पाचवं उत्तरही यायचं, म्हणून अख्खी सकाळ बसून त्यांनी पाच उत्तरांना पाच बटणं दिली. ए, एस, डी, एफ, जी. टायपिंगचा पहिला धडाच.

"आता पाह्य. डावा हात जागेवरून हलतच नाही. करंगळीले पहिलं उत्तर, बाजूच्या बोटाले दुसरं. पाचवं जरा तिरकं, पण पोचते."

"अन् उजवा?" हे माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "मोठी सोयीची युक्ती काढली."

"युक्ती नाही वं, शास्त्र आहे हे."

आणि खोटं कशाला बोलू, सोय खरंच झाली. बोलणं पाण्यासारखं वाहायला लागलं. मी वाचायची, "म्हातारी म्हणते, काऊन आला बापा इकडं? एक, पाणी प्यायले. दोन, तुले काय करा लागते?" की ह्यांनी दुसरं दाबलेलंच असायचं. हातावर फडकं टाकूनच खेळायचे. सवय आहे म्हणायचे. फडक्याखाली डावा हात टकटक करायचा आणि उजवीकडचं फडकं नुसतंच हलायचं. ही बटणांची मांडणी त्यांनी टपरीवाल्याला दाखवली, समोरच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला दाखवली, फोनवर रुख्मिणीला समजावली. ज्यानं त्यानं वाहवा केली. उजव्या हाताचं नाव कोणी काढलं नाही.

मग आम्ही पुलावर अडकलो.

पुलावर एक राखणदार होता. "कोण बे तू? कुठी चालला?" असं त्यानं दरडावून विचारलं, आणि खाली सहा उत्तरं आली. पहिलं, मी व्यापारी. दुसरं, राजाचा माणूस. तिसरं, बाजूला हो नाहीतर तलवार काढतो. चौथं, हे नाणं घे. पाचवं, हवा मोठी छान आहे. ह्यांनी पाचही देऊन पाहिली. राखणदारानं पाचही वेळा हाकलून दिलं.

"सहावं काय आहे?"

"मी वाट चुकलो, रस्ता सांगता का?"

"हॅट! कमरेले एवढी तलवार, अन् वाट इचारते?"

"लिहिलं हाये ते वाचलं."

"त्याले बटण नाही. सहावं उत्तर नेहमी फालतूच असते."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. व्यापारी होऊन पाहिलं, रानातून वळसा घालून पाहिलं. नदी कुठूनच ओलांडता येईना. ह्यांच्या माघारी मी सहाव्याला एखादं बटण देऊन दाबू शकले असते. बसलेही होते एकदा त्या खुर्चीत. पण ते म्हणजे ह्यांना भर बाजारात उभं करून शर्टाच्या गुंड्या लावून देण्यासारखं झालं असतं. उठले.

आमच्याकडे वच्छलाबाई यायच्या. सुलतानपूरच्या. मालक सरकारी कचेरीत शिपाई होते, ते गेले. त्यांच्या जागेवर बाईंना घेणार होते, पण टायपिंगची परीक्षा पास झाल्या तरच कारकून. घरी दोन लेकरं. एस.टी. चुकली तर ट्रकवर बसून यायच्या, पण यायच्या. डावा हात त्यांचा छान बसला होता. उजवा मात्र कागदावर नुसता गोंधळ घालायचा, कारण तो कसा ठेवायचा, बोट कसं आपटायचं, हे सरांनी करून दाखवलंच नव्हतं. सर तोंडानं सांगायचे, त्या मान डोलवायच्या, आणि अक्षरं पुन्हा एकमेकांवर चढायची.

त्या दिवशी त्यांच्या मशीनची शाईची फीत संपली, म्हणून त्या आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. राखणदारानं पुन्हा हाकललं.

"सर, सहावं देऊन पाहा ना," वच्छलाबाई म्हणाल्या.

"त्याले बटण नाही, बाई."

"मंग द्या. 'जी'च्या बाजूले 'एच' आहे ना?"

"एच उजव्या हाताचं."

"हाव. पहिल्या बोटाचं. तुमीच सांगतलं मले."

"डाव्या हाताची मांडणी हाये ही. शास्त्र असते त्याचं," हे म्हणाले, आणि मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. रोज अशा वेळी मी काहीतरी बोलायची. लाईट गेली, चहा ठेवते, काहीही. त्या दिवशी मी पडद्याकडे बघत राहिले. म्हटलं, होऊ दे.

वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "सर, माह्यी परीक्षा जवळ आली. माह्या उजव्या हाताचं काय चुकते ते बोलून नाही कळत मले. मी लय डोकं लावलं. एकदा तुमी मारून दाखवा. चुकलं तरी चालते. मी कोणाले नाही सांगत."

क्लासमध्ये दुसरं कोणी नव्हतं. बाहेर मेहकरची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. ह्यांनी फडक्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं ते ओढून बाजूला टाकलं आणि उजवा हात बटणांवर ठेवला. पहिलं बोट एचवर न्यायला गेले. बोट एचवर गेलं, तिथून बाजूच्या 'जे'वर, पुन्हा एचवर, कोरड्या पानासारखं. तिघंही ते बघत होतो. कोणी नजर काढली नाही, त्यांनीही नाही.

मी त्यांच्या हाताला हात लावला नाही. नियम त्यांचाच होता.

"वच्छलाबाई," ते म्हणाले, आवाज अगदी शिकवतानाचा, "तुमचा उजवा हात चांगला हाये. मनगट पडते, एवढंच. उद्यापासून ही तुमच्या बाजूले बसून सांगीन, तिले दिसते सगळं." मग माझ्याकडे न बघता बोलले, "अन् अवं, रुख्मिणीले फोन लाव. तुमी मायलेकी भाजीच्या नावानं कुजबुजता ना, त्या डॉक्टरचा नंबर घे. उजवा हात ऐकत नाही माहा."