ड्रायरची बारी

वलवणच्या अनिताच्या लाँड्रीत रविवार म्हणजे चादरींचा पूर. शनिवारी मुक्कामाला आलेले पाहुणे लोणावळ्यातून निघाले, की त्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल टेम्पो भरभरून तिच्या दारात येऊन पडायचे. मग वॉशिंग मशीन, ड्रायर आणि इस्त्रीचा लांबलचक रोलर असं सगळं एकदमच सुरू व्हायचं, नि थोड्या वेळात बोर्डातून टप्प असा आवाज यायचा. सगळं ठप्प. ओल्या चादरी मशीनच्या पोटात, बायका हात बांधून उभ्या, आणि अनिता बोर्डाशी झटापट करत.

तशात रजनीताईंचा फोन आला. त्या धरणाकाठच्या मोठ्या रिसॉर्टच्या मॅनेजर. म्हणाल्या, लग्न आहे, अख्खं रिसॉर्ट भरलंय, रविवारी एका दिवसात सगळं धुऊन द्याल का? अनिताच्या तोंडून 'हो' निघून गेलं आणि फोन ठेवल्यावर ती आधी बोर्डाकडे वळून बघू लागली. मोठं कनेक्शन मागावं, तर नवा ट्रान्सफॉर्मर लागणार होता, नि तो दिवाळीच्या आत काही उभा राहत नव्हता.

म्हणून तिने तळेगावच्या इंद्रायणीला बोलावलं. ही मुलगी छोट्या कारखान्यांत जाऊन वीज कशी जपून वापरायची ते सांगायची. चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. ती दुपारभर लाँड्रीत नुसती हिंडली, मशीनला कान लावले, वाफेच्या पाइपला हात लावून "आई गं" म्हणून मागे झाली. मग म्हणाली, "अनिताताई, तुम्हाला मोठं कनेक्शन नकोच आहे. आहे ती वीज पुरते. फक्त तुमची सगळी मशीनं एकाच वेळी हात पुढे करतात."

"मग काय, रांग लावू त्यांची?"

"हो. रांगच."

कामावरच्या बायकांत वयाने मोठ्या मुक्ताबाई. त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "म्हंजी मशिनी बंद ठिवून काम लवकर व्हनार? पोरी, तू जेवलीस का?"

पोरगी जेवली, आणि जेवून कामाला लागली. तापलेल्या पाइपला जाड आवरण गुंडाळलं. चादर जास्त वेळ पिळून घेतली, की ड्रायरला निम्मंच काम उरतं, हे करून दाखवलं. टॉवेल गच्चीवर उन्हात घालायचे ठरले. भिंतीवर एक स्क्रीन लावला. त्यावर या क्षणाला किती वीज ओढली जातेय त्याचा आकडा, आणि वर एक तांबडी रेघ. आकडा रेघेखाली राहिला पाहिजे, एवढंच.

रविवारी लग्नाच्या चादरी आल्या. आकडा चढला की अनिताचा श्वास अडकायचा, उतरला की सुटायचा. कुणी म्हणे आता दोन नंबर चालू करा, कुणी म्हणे आत्ताच तर केला. सारिका रोलरपाशी ओरडत होती, मला कुणी सांगंल का मी कवा सुरू करू. आणि तेवढ्यात, कुणी बटणाला हातही लावलेला नसताना, आकडा टुणकन उडाला आणि रेघेला चिकटायला निघाला.

इंद्रायणीचा चेहरा उतरला. अनिता मात्र मागच्या अंगणात धावली. बोअरची मोटर घुमत होती आणि दत्तोबा, तिचे सासरे, पाइप धरून म्हशीला न्हाऊ घालत होते.

"आबा, मोटर बंद करा. आधी बंद करा."

"पर म्हशीची आंगूळ चाललीया."

"तिला पहाटे घाला. रोज पहाटे घाला. आता बंद."

आबांनी बटण दाबलं आणि म्हशीपेक्षा मोठं काय आहे ते बघायला फुरंगटून आत आले. स्क्रीनकडे बघत राहिले. "ह्यो आकडा त्या रेघंला शिवला की?"

"की काम बंद, आबा."

आबांनी उमेदीची वर्षं बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे धावपट्टीवर, माईक धरून कुणाची बारी सुटली ते पुकारण्यात घालवली होती. त्यांनी स्टूल ओढलं, घसा खाकरला, आणि त्यांच्या आवाजाने पत्रे थरथरले. "एक नंबर ड्रायरची बारी सुटली हाय मंडळी... भिर्रर्र... दोन नंबर जुपून तयार ऱ्हावा... आकडा चढतोय, चढतोय, सारिकाबाय, रोलरचा कासरा वढून धरा... एक नंबर घाट मारून गेला. सोडा दोन नंबर."

बायका हसून हसून कोलमडल्या. पण आता कुणाची बारी आहे हे प्रत्येकीला नेमकं कळत होतं. मशीनं एकामागून एक सुटत होती, आकडा रेघेखाली झुलत होता. ज्या ड्रायरची बारी नसेल त्याच्यापुढच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. गच्चीवर धरणाकडून वारा आला आणि एक टॉवेल उडून म्हशीच्या शिंगांत अडकला. ती तशीच ऐटीत दारापर्यंत आली. मुक्ताबाई म्हणाल्या, "आली बगा नवरीची मावशी," आणि त्यांना जमिनीवरच बसावं लागलं.

रजनीताई संध्याकाळी चौकशीला आल्या तेव्हा निम्मे ड्रायर गप्प होते, एक म्हातारा किंचाळत होता आणि लाँड्रीभर बायका डोळे पुसत होत्या. त्या दारातच थबकल्या. "अनिताताई, काम बंद पडलंय का?"

अनिताला हसण्यामुळे बोलता येईना. तिने नुसतं बोट दाखवलं. भिंतीलगत घड्या घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींची चळत छताला टेकायला आली होती. रजनीताईंनी त्या चळतीवर हात ठेवला, ऊब लागली तसा गालही टेकवला. मग पर्स बाजूला ठेवत हळूच विचारलं, "चार नंबरची बारी कधी आहे?"

"ही काय, आत्ताच," आबा म्हणाले. "उबं ऱ्हावा, बाय, तुमच्या हातानं सोडा."

रजनीताईंनी बटण दाबलं आणि त्यांच्याही तोंडून भिर्रर्र निघालं.

शेवटची चादर रोलरमधून सरकत बाहेर आली तेव्हा आकडा पार तळाला जाऊन बसला होता. बोर्ड दिवसभरात एकदाही बोलला नव्हता. अनिताचं अंग पिसासारखं हलकं झालं होतं. नव्या ट्रान्सफॉर्मरची वाट बघत महिने घालवायचे नव्हते, पुढच्या रविवारी हवं तर आणखी एक रिसॉर्ट घ्यायचं होतं, आणि तेही हसत. तिने पदर खोचला, इंद्रायणीचे दोन्ही हात धरले आणि रिकाम्या ट्रॉल्यांच्या मधोमध फुगडी धरली.

"ताई, हळू, माझा चष्मा," इंद्रायणी ओरडली.

"मुक्ताबाई, हिचा चष्मा काढून घ्या," अनिता म्हणाली, आणि तिने गिरकीचा वेग वाढवला.