दुसऱ्या पेटीतला आवाज

आमच्या धाकट्याला, हेनारेला, ऑकलंडात जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळ्यांच्या गडबडीत त्यानं थोरल्या मुलीला, तिआहोला, वर्षभरासाठी आमच्याकडे होकिआंगात पाठवून दिलं होतं. अकरा वर्षांची पोर. गावच्या शाळेत तिचं नाव घातलं.

त्या हिवाळ्यात, आमच्याकडे तो जून ते ऑगस्ट, शाळेनं प्रकल्प काढला. आमच्यामागच्या रानात न उडणाऱ्या किवी पक्ष्यांची एक जोडी होती. आदल्या वर्षी त्यांचं पिल्लू स्टोटनं मारलं. स्टोट म्हणजे दोरीसारख्या अंगाचं, दीड वितीचं जनावर. खुराड्यात शिरलं की एक खायला दहा मारतं. अंड्याच्या आमिषाला ते हल्ली भुलत नव्हतं. मग आवाजाला भुलतं का ते मुलांनी बघायचं ठरवलं. रानात तीन पेट्या ठेवायच्या. पहिलीत उंदराची चिरचिर, दुसरीत कोंबडीच्या पिल्लांची चिवचिव, तिसरी मुकी. प्रत्येकीपुढे एक बोगदा, बोगद्यात शाई आणि पांढरा पुठ्ठा. जनावर शाईवरून गेलं की पुठ्ठ्यावर पावलं उमटायची. रोज सांजेला तासभर पेट्या आपोआप बोलायच्या. तीन आठवड्यांत ज्या पेटीला पावलं जास्त, तोच आवाज चाळीस सापळ्यांत भरायचा.

दुसरी पेटी तिआहोची. चिवचिव घ्यायला ती आमच्याच खुराड्यापाशी यंत्र घेऊन बसली. पण माझी बायको, मेरेआना, कुणाकडून काही घ्यायचं तर आधी प्रार्थना म्हणणारी. मग ते पिल्लांचं ओरडणं का असेना. तिनं प्रार्थना म्हटली, दाण्याचा डबा वाजवला, "या गं या, तुक तुक तुक" केलं, आणि मग पिल्लं बोलली. सगळं यंत्रात गेलं.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तिआहो, सुरुवातीचं काप. शुद्ध आवाज हवा."

"प्रार्थना मधेच कापत नाहीत, बाई."

बाई आमच्यातल्याच, माओरी. त्यांनी सगळं तसंच पेटीत भरलं.

मेरेआनाला घरी हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "म्हणजे माझी पेटी जिंकली, तर मी रानात चाळीस ठिकाणी ओरडणार! एरुएरा, तुला पळायला जागा नाही हां."

"चाळीस वर्षं तरी कुठं होती जागा?" मी म्हटलं.

दहाव्या दिवशी पुठ्ठे मोजले. मुकीला दोन, उंदराला सहा, आमच्या पेटीला नऊ. तिआहो अंगणात नाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेआनानं बटाट्याच्या आंबवणात पावाचं पीठ मळलं, फडक्यानं झाकलं, खुर्चीत टेकली, आणि उठलीच नाही.

तीन दिवस ती मराएवर, आमच्या कुळाच्या जागेवर, सभाघरात होती. आमच्यात मातीत ठेवेपर्यंत माणसाला एकटं सोडत नाहीत. कुणी ना कुणी उशाशी असतंच, बोलत, गात, भांडतसुद्धा. शनिवारी तिला पोहोचवून, हात धुऊन आम्ही परतलो. पेटीची आठवण कुणालाच नव्हती.

रविवारी सांजेला मेरेआनाची बहीण न्गाविनी धापा टाकत दारात आली. "रानात ताई ओरडतेय! कोंबड्यांना बोलावतेय! मी रस्त्यावरून ऐकलं!"

"मावशीआजी, ती माझी पेटी आहे," तिआहो म्हणाली.

"पेटी असो नाही तर पेटारा. बंद कर. कालच पोहोचवली बाईला, आणि आज एकटी रानात हाका मारत बसवलीत? लाज नाही वाटत?"

"एक बंद केली तर सगळा प्रयोग वाया जाईल. सातच दिवस उरलेत. आपण पुढे आहोत, कोरो, सांग ना!"

कोरो म्हणजे मी, आजोबा. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "एकटी आहे हेच दुखतंय ना न्गाविनी? मग मी रोज तिथं बसतो."

न्गाविनीनं डोळे पुसले. "बसणार असशील तर चालेल. घोंगडी घेऊन जा, म्हाताऱ्या. तुला पण पोहोचवायची ताकद नाही माझ्यात."

तिआहोनं आनंदानं माझा हात धरला. मी घोंगडी शोधायला उठलो. चाळीस वर्षं मी केसांसाठी ऑपॉसम पकडले, झाडांवरची मांजराएवढी जनावरं. माणसाचा वास ज्या झाडाला, त्या झाडाकडे जनावर दोन रात्री फिरकत नाही, हे मला माहीत होतं. पण ते सात दिवस मला हवे होते.

सांज झाली की पेटी बोलायची. आधी प्रार्थना, मग डबा, मग "या गं या." लग्नानंतरची पहिली वर्षं आम्ही वाइमाच्या रानात झोपडीत काढली. मी खोडांना दालचिनी घातलेलं पीठ फासून सापळे लावत जायचो. जनावर गरम असतानाच केस उपटायचे, म्हणून बोटं कायम सुजलेली. दुपारनंतर धुकं उतरलं की वाट दिसायची नाही. मग लांबून डबा वाजायचा. कोंबड्या खुराड्यात जायच्या आणि मी झोपडीत. त्या आवाजाला भुललेलं पहिलं जनावर मीच.

सातव्या दिवशी मोजणी झाली. उंदराला अकरा. आमचे मधल्या चार दिवसांत दहा झाले होते, ते दहाच राहिले. तिआहो कोरा पुठ्ठा हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"कोरो, तू बसलास म्हणून कुणी आलं नाही. तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू बसू दिलं नसतंस."

तिनं तोंड फिरवून वही उघडली आणि लिहायला लागली. मी ओणवून वाचलं. मला अक्षरं मेरेआनानं शिकवली, एक्कावन्नाव्या वर्षी, सापळ्यांच्या डब्यांवर खडूनं लिहून. पोरीनं लिहिलं होतं: "पेटी दोन. शेवटचे सात दिवस कोणी आलं नाही. आजोबा आजीजवळ बसले होते. हे दिवस धरू नयेत."

"आता ठीक?" ती रागातच म्हणाली.

"ठीक."

चाळीस सापळ्यांत उंदराची चिरचिर गेली. नाताळाआधी दोन स्टोट सापडले, आणि त्या वर्षीचं पिल्लू जगलं. बाईंनी पेटी दोनमधलं काही पुसलं नाही. पेटी तशीच तिआहोच्या हातात दिली आणि तिनं ती माझ्या फळीवर आणून ठेवली.

माझी बायको मेरेआना बुधवारी, २१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी वारली. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.